एकट्यात विचारा

त्यांच्या दवाखान्यात पेशंट कधी एकटा आत गेला नाही. तपासायच्या खोलीतच भिंतीला लागून आठ फुटी लाकडी बाक होता. बंद पडलेल्या एका शाळेतून आणलेला, वर कोणाकोणाची कोरलेली नावं. बाहेर मात्र दोनच स्टुलं. म्हणजे जो येईल त्याने गोतावळ्यासकट सरळ आतच बसायचं. पेशंट खुर्चीवर आणि त्याची आई, बायको, काका, मेहुणा असे सगळे बाकावर, लग्नाच्या फोटोला बसल्यासारखे.

गावातले बाकीचे डॉक्टर हसायचे. म्हणायचे, "तुमच्याकडे तपासणी असते की घरगुती बैठक?"

डॉक्टर म्हणायचे, "पेशंट खोटं बोलतो. बायको बोलत नाही. आणि बोललीच, तर सासू शेजारीच असते दुरुस्त करायला."

यात तथ्य नव्हतं असं नाही. ते एखाद्याला विचारायचे, "सिगारेटी किती ओढता?"

"दोन."

की लगेच बाकावरून खोकल्याचा आवाज.

"खोकताय काय वहिनी, बोला की."

"दोन पाकिटं म्हणायचंय त्यांना."

तीस वर्षं हे असंच चाललं. पेशंटला विचारायचं, बाकाकडे बघायचं आणि बाकाचं खरं धरून औषध लिहायचं. लोक त्यांना 'घरचे डॉक्टर' म्हणायचे ते उगाच नाही. कोणाच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचं लग्न कशावरून अडलंय, कोण रात्री उशाशी पाण्याचा तांब्या ठेवतं आणि कोण बाटली, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मुलगी लांब. रिकाम्या घरात परतायची त्यांना घाई नसायची. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणायच्या, "डॉक्टर, तुम्हाला पेशंट नाही, घरं लागतात."

या घरांपैकी एक घर दोनच माणसांचं होतं, काचवाला आणि त्याची अक्का.

आईबाप गेले तेव्हा काचवाला सहा वर्षांचा होता आणि अक्का अठरा. तिने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "एक पोर वाढवलंय, आता नवरा कोण वाढवत बसणार." लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी ती उभी राहिली ती उभीच. काचवाल्याच्या गोवरापासून टॉन्सिलपर्यंत प्रत्येक दुखणं त्या बाकावर बसून तिनेच डॉक्टरांना सांगितलं होतं. तो आपला खुर्चीवर पाय हलवत बसायचा.

पुढे तो काचेच्या कामात पडला आणि हात असा बसला की बघत राहावं. काच कापायला हिऱ्याच्या टोकाचं पेन असतं. त्याने एकदा रेघ ओढायला घेतली की मध्ये हात उचलायचा नाही, थांबायचं नाही, परत फिरवायचा नाही. एक बारीक करकर आवाज, मग खालून हलकी टिचकी, आणि काच पाव कापल्यासारखी दोन तुकडे होऊन बाजूला. खिडकीच्या चौकटीत काच पक्की करायला लांबीचा लगदा भरताना तो अंगठा असा फिरवायचा की कडेला बोटाचा ठसासुद्धा राहत नसे.

चार वर्षांपूर्वी एका जिन्याची काच बसवताना शिडी सरकली. मणका मोडला नाही, पण कंबर गेली. डॉक्टरांनी दुखण्यावरच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, जरा जोरातल्या. मग आणखी पंधरा दिवसांच्या. अशा पाच चिठ्ठ्या. सहाव्या वेळी ते म्हणाले, "आता पुरे. सवय लागेल." काचवाला "बरं" म्हणाला आणि निघून गेला. तक्रार नाही, विनवणी नाही. डॉक्टरांना वाटलं, गडी सुटला.

गडी सुटला नव्हता. त्याला चिठ्ठीविना देणारा माणूस सापडला होता.

एका दुपारी अक्काने त्याला हाताला धरून आणलं. तळव्याला फडकं बांधलेलं. बाकावर बसायच्या आधीच ती बोलायला लागली. "लांबीच्या डब्यामागे ही पाकिटं सापडली, मोजली नाहीत मी, मोजवत नाहीत. आणि आज रेघ ओढताना त्याने तीनदा हात उचलला. मी बघितलं. काच हातातच फुटली. डॉक्टर, याचं काहीतरी करा."

टाके घालताना डॉक्टरांनी काचवाल्याच्या तोंडाकडे बघितलं. चौतिशीचा माणूस मान खाली घालून बसला होता, शाळेतून नापास होऊन आल्यासारखा.

व्यसनावर डॉक्टरांना एकच उपचार ठाऊक होता, रागावणं. आजवर दारूवाल्यांना त्यांनी मनसोक्त झापलं होतं. काही सुटले, बरेच मेले. पण इथे झापायला तोंड उघडेना. पाचही चिठ्ठ्यांवर अक्षर त्यांचं होतं. व्यसन सोडवणारं मोठं रुग्णालय सहा तासांवर, आणि त्याचं नाव काढताच काचवाला म्हणाला, "तिथे जाण्यापेक्षा शिडीवरून परत पडतो."

तेव्हा कोणीतरी डॉक्टरांना गुरुवारच्या सल्ल्याबद्दल सांगितलं. दर गुरुवारी दुपारी दोन ते तीन. लांबच्या शहरात व्यसनाच्या तज्ज्ञ एक बाई बसायच्या आणि ठिकठिकाणचे फॅमिली डॉक्टर कॉम्प्युटरवरून आपले पेशंट त्यांच्यापुढे मांडायचे. नाव घ्यायचं नाही. वय, काम, आजार एवढंच. सिस्टरांनी कॉम्प्युटर लावून दिला. पडद्यावर बारा चौकटी, बारा डॉक्टर, आणि आपल्या चौकटीत डॉक्टरांचं फक्त कपाळ.

"बोला सर," बाई म्हणाल्या. वयाने त्यांच्या मुलीएवढ्या असाव्यात.

"आमचा तो एक आहे..."

"'आमचा' नको सर. 'पेशंट' म्हणा."

"पेशंट. वय चौतीस. काम उंचीवरचं. लहानपणापासून माझ्याचकडे आहे, म्हणजे पेशंट."

सगळं ऐकून बाईंनी विचारलं, "पहिली चिठ्ठी कोणाची?"

डॉक्टर बोलले. बारा चौकटी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"सर, तुमचा आवाज बंद झालाय."

त्यांनी कुठलंतरी बटण दाबलं आणि मोठ्याने म्हणाले, "माझी! पहिली चिठ्ठी माझी! पाचही माझ्याच!" बाहेरच्या स्टुलांवरच्या दोघांनी दाराकडे बघितलं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आपल्यापैकी बऱ्याच जणांची असते, सर." एका चौकटीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरने मान डोलावली.

मग त्यांनी उपचार सांगितला. एक गोळी असते, जिभेखाली ठेवायची. ती ओढ शमवते, माणूस कामावर उभा राहू शकतो. पण तिची एक अट. आधीच्या गोळ्यांचा अंमल पुरता उतरल्याशिवाय ती द्यायची नाही. नाक वाहायला हवं, अंगावर काटा यायला हवा, डोळ्यांच्या बाहुल्या टपोऱ्या व्हायला हव्यात. अंमल असतानाच दिली, तर शरीरातून सगळं एकदम ओरबाडून काढल्यासारखं होतं. त्यासाठी अकरा प्रश्नांचा एक कागद असतो. बेरीज तेराच्या वर गेली तरच गोळी.

"आणि शेवटची गोळी कधी घेतली ते एकट्यात विचारा, सर. घरचं कोणीही खोलीत नको. शंका आली तर थांबा, मला फोन करा. सोमवारचा दिवस वाया गेला तर मंगळवार आहे."

डॉक्टरांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. 'एकट्यात' या शब्दाखाली रेघसुद्धा मारली.

सोमवारी सकाळी दहाला दोघं आले. अक्काने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग. "डॉक्टर, काल सकाळपासून एकही नाही घेतली त्याने. मी लॉन्ड्रीत सगळ्यांना सांगितलं."

डॉक्टरांनी घसा खाकरला. "अक्का, तुम्ही जरा बाहेर बसाल का, पाच मिनिटं?"

"का?"

"तशी पद्धत आहे. त्या तज्ज्ञ बाईंनी सांगितलंय."

"त्या बाई मला ओळखतात?"

"तसं नाही..."

"याचा पहिला दात पडला तो माझ्या तळहातावर. मी काय परकी आहे आता?" ती हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. आणि बसलीसुद्धा.

डॉक्टरांना आणखी एक वाक्य बोलायचं होतं. तीस वर्षांत त्या बाकावरून त्यांनी कोणाला उठवलं नव्हतं; कसं उठवतात ते त्यांना येत नव्हतं. त्यांनी कागद पुढे ओढला.

"शेवटची कधी घेतलीस?"

काचवाल्याने अक्काकडे बघितलं. "काल सकाळी."

डॉक्टरांनीही अक्काकडे बघितलं. तिने मान हलवली. मग त्यांनी ते लिहिलं.

नाक थोडं वाहत होतं. घाम होता, पण तो पायऱ्या चढूनही आला असेल. बाहुल्या बारीक दिसत होत्या. डॉक्टर मनाशी म्हणाले, समोर खिडकीचं ऊन आहे. बेरीज आठ आली.

"रात्रभर कण्हत होता," अक्का म्हणाली. डॉक्टरांनी अंगदुखीचे दोन वाढवले. "पायाला चैन नाही, सारखी हालचाल." बेचैनीचे आणखी तीन. तेरा. शेवटच्या रकान्यात चिडचिड होती. काचवाला तर गप्प बसला होता. डॉक्टर त्याला सहा वर्षांचा असल्यापासून ओळखत होते. गप्प बसणं हीच त्याची चिडचिड. एक गुण तो. चौदा.

फोन टेबलावरच होता. पण बाहेर माणसं खोळंबली होती, आणि शंका आली तर फोन करायचा होता. डॉक्टरांना शंका नव्हती. घरच्या माणसाबद्दल कसली शंका.

गोळी जिभेखाली गेली.

पहिली वीस मिनिटं काही झालं नाही. मग काचवाल्याने जांभई दिली, लागोपाठ चार. मग म्हणाला, थंडी वाजतेय. अंगावर असा काटा उठला की दंडावरचे केस खिळ्यांसारखे उभे राहिले. सिस्टर उलटीसाठी भांडं घेऊन धावल्या, ते थोडक्यात हुकलं. तो खुर्चीवरून घसरला आणि गुडघे छातीशी घेऊन जमिनीवर वळवळायला लागला. दात आपटत होते.

"काय दिलंत मला? डॉक्टर, काय दिलंत?"

"काय दिलंत याला!" अक्का ओरडली.

डॉक्टरांनी फोन लावला. बाईंनी दुसऱ्या घंटेला उचलला.

"शेवटची गोळी कधीची होती, सर?"

"काल सकाळची म्हणतो."

"शक्य नाही. कोणासमोर म्हणाला?"

डॉक्टरांनी बघितलं. अक्का भावाचं डोकं मांडीवर घ्यायला बघत होती आणि तो तिचे हात झटकत होता.

"सर, ऐका," फोनवरचा आवाज शांत होता. "हे निस्तरता येतं. हीच गोळी आणखी द्यायची, थोडी थोडी, मी सांगते तशी. संध्याकाळपर्यंत तो उठून बसेल. फक्त त्याला जाऊ देऊ नका. मी फोन ठेवत नाही."

पण काचवाला तोवर भिंतीला धरून उठला होता. आणखी तीच गोळी, हे त्याने ऐकलं असावं. दाराशी बसलेल्यांना ढकलून तो पायऱ्या उतरला, मागे एका पायात चप्पल घातलेली अक्का. डॉक्टर फोन हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत धावले. साठी उलटलेला माणूस, गळ्यात स्टेथोस्कोप. गल्ली रिकामी होती.

"हॅलो? सर? आहे ना तो तिथे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते त्याच्या दुकानात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. भिंतीला टेकवलेल्या काचा, मध्ये फेल्टचं जाड कापड घातलेलं टेबल. काचवाला बसला होता. अंगात त्राण नव्हतं, पण हात स्थिर होते. म्हणजे घेतलेली होती.

"बसा. तिथे नको, ती काच आहे."

डॉक्टर उपड्या डब्यावर बसले.

"सोमवारी घरातून निघताना दोन घेतल्या होत्या," काचवाला आपणहूनच म्हणाला. "गल्लीतून अक्काबरोबर चालत यायचं होतं. पाय लटपटले असते तर तिने हात धरला असता. सगळ्यांसमोर. माझा."

"मला सांगायचंस ना रे. माझ्यापाशी तरी..."

"तुमच्यापाशी कधी होतो मी? अक्कापाशी होतो. तुम्ही विचारता मला आणि बघता तिच्याकडे. लहानपणापासून."

बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली.

"चुकलं माझं," डॉक्टर म्हणाले.

"हे तिला सांगू नका. दोन घेतल्याचं. ती लॉन्ड्रीत सांगून बसलीय. तिला वाटू दे, तुमची गोळीच वाईट होती."

"वाटू दे," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी तो तासभर बोलला. कंबरेचं कमी आणि बाकीचंच जास्त. गोळी घेतली की काच आधीसारखी वाटते, हातात घ्यावीशी. न घेता ती नुसती धार असते, म्हणाला. शेवटी म्हणाला, पुढच्या सोमवारी येतो. आठला, दवाखाना उघडायच्या आधी. एकटा.

गुरुवारी डॉक्टरांनी सगळं बारा चौकटींसमोर सांगितलं. बेरीज आठची चौदा कशी केली तेसुद्धा. बाई म्हणाल्या, "या वेळी नेहमीची गोळी पोटात घेऊन आला तरी चालेल. त्याला तसं सांगा. घेऊन ये, पण खरं सांग. आपण थांबू, तिथेच बसून उतरू देऊ. आणि सर, हा आठवडा नाजूक आहे. एकदा असं झालेला माणूस घाबरतो, मिळेल तिथून मिळेल ते घेतो. रोज फोन करा."

डॉक्टरांनी रोज फोन केला. शुक्रवारी काचवाला म्हणाला, "दोन खिडक्या बसवल्या आज." शनिवारी म्हणाला, "येतो म्हटलं ना. तुम्ही काय अक्का झालात का?" आणि हसला. घेऊन आलास तरी चालेल हे डॉक्टर त्याला तेव्हा सांगणार होते. पण तो हसला होता, आणि ते हसू मोडवेना. सोमवारी तोंडासमोर सांगू, असं त्यांनी ठरवलं. रविवारी फोन नुसता वाजत राहिला. डॉक्टरांनी पुन्हा लावला नाही. कटकट नको म्हणून.

सोमवारी ते साडेसातलाच येऊन बसले. आठ वाजले. सव्वाआठ. साडेआठला फोन वाजला, अक्काचा.

"आलाय ना तिकडे? सातलाच निघालाय. मला सांगितलं नाही कुठे ते, पण मी काय ओळखत नाही का? मी नाही येत मध्ये. एवढंच विचारायचं होतं."

डॉक्टर दवाखाना तसाच उघडा टाकून निघाले. दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं. काचवाला टेबलाशी स्टुलावर बसला होता, डोकं फेल्टवर, झोप लागल्यासारखं. अंगात इस्त्रीचा शर्ट. ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी त्याला खाली घेतलं, छाती दाबली, तोंडाने वारा घातला. रुग्णवाहिका येईपर्यंत ते दाबत राहिले. ती आल्यावरही त्यांना हातांनी बाजूला करावं लागलं.

टेबलावर कागदाची पुडी होती. गोळ्या नेहमीच्या पाकिटातल्या नव्हत्या. सुट्ट्या, कोणा नव्याच माणसाकडून घेतलेल्या असाव्यात. पुडीत एकच उरली होती. चालत येण्यापुरतीच घेतली असणार त्याने. घेऊन आला असता तरी चाललं असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

अक्का बाराव्या दिवशी आली. दुपारी, दवाखाना रिकामा असताना. आत आली आणि पेशंटच्या खुर्चीवर बसली. सिस्टर आपण होऊन बाहेर गेल्या.

"ब्लड प्रेशर बघू का?" डॉक्टर म्हणाले.

"नको." तिच्या बोटांना अजून इस्त्रीचे जुने चटके होते, एकेक चटका ती अंगठ्याने चाचपत होती. "तुम्ही मला त्या दिवशी बाहेर बसायला सांगितलंत."

"हो."

"मी बसले नाही."

"मी नीट सांगितलं नाही, अक्का. ते माझं काम होतं. गोळी घाईने दिली, तीही मीच. पुढे फोनवर सांगायचं होतं तेही राहिलं. चूक माझी आहे. तुम्हाला तक्रार करायची असेल तर कुठे करायची ते मी लिहून देतो."

"तक्रार नाही करायची." ती थांबली. "मी बाहेर बसले असते, तर तो खरं बोलला असता का?"

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. दुकानातला तो एक तास त्यांच्या एकट्याकडे होता. त्यातलं एक वाक्य जरी बाहेर काढलं असतं, तरी तिचं उत्तर तिला मिळालं असतं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. गोवर आला तेव्हा, टॉन्सिल काढले तेव्हा, शिडीवरून पडला तेव्हा, प्रत्येक वेळी तिने याच खोलीत काहीतरी विचारलं होतं आणि डॉक्टरांनी तिला आजवर एकदाही 'माहीत नाही' असं म्हटलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. भाऊ म्हणायचा तसंच.

मग पदर सावरून उठली. डॉक्टरही उठले, दारापर्यंत गेले. पायऱ्या उतरताना तिचा पाय जरा अडखळला, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. कठड्याला धरून, एकेक पायरी, ती आपली आपण खाली उतरली आणि गल्लीला लागली.